बंकावरचे बिऱ्हाड

गेल्या माघ महिन्याच्या अखेरीस आम्ही आणि आमचे एक शाळासोबती मुंबईहून मोटारीने निघून समुद्रकाठच्या रस्त्याने गोकर्णापर्यंत जाऊन आलो. वाटेत हॉटेलात अगर नातलगांकडे न उतरता, पाठीवर सॅक टाकून हिंडणारी तरुण मंडळी ज्या हॉस्टेलांत उतरतात, तेथेच शक्यतो उतरावयाचे असा आमचा निश्चय होता. हा बेत घरी सांगताच प्रथम हशा झाला व मागाहून काळजी सुरू झाली. 'साठी उलटल्यावर वरच्या खाटेवर चढणार तरी कसे?' असे आमच्या वहिनींनी विचारिले. आणि आमच्या नातवाने, पडलात तर फोटो अवश्य पाठवा, अशी विनंती केली.

परंतु हा प्रवास केवळ हौसेचा नव्हता. आमच्या मित्राचे गुहागर तालुक्यात वडिलार्जित घर आहे. गावाचे नाव येथे घालू नये अशी त्यांची इच्छा. घर चिऱ्याचे, कौलारू. ओटी, पडवी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, वर माळा, मागे रहाटाची विहीर आणि माडापोफळींचे आगर. आज तेथे कोणी राहत नाही. भाद्रपदात गणपतीसाठी कोणी चारजण जातात आणि पाच दिवसांनी कुलूप लावून परततात. दरवर्षी घर शाकारावे लागते. एका बाजूस वाळवीने वासे पोखरले आहेत. सात-बाराच्या उताऱ्यावर अकरा हिस्सेदार, पैकी दोघे परदेशी. बंगले बांधणाऱ्या एका गृहस्थाने चांगली किंमत देऊ केली आहे आणि बहुतेकांचा कल विकण्याकडे आहे. 'अण्णा म्हणतील तसे' असे मात्र सगळेच म्हणतात. कारण अण्णा, म्हणजे आमचे मित्र, त्या पिढीत सर्वांत वडील.

यात निराळा सूर एकटीचा निघाला, तो त्यांच्या पुतणीचा. तिने पुण्यातील नोकरी सोडून त्या घराचे हॉस्टेल करावयाचे मनात घेतले आहे. हे ऐकून अण्णा संतापले. "आजीच्या माजघरात कोठली कोण पोरे तंगड्या पसरून निजणार? त्यापेक्षा विकलेले बरे!" पुतणी शांतपणे म्हणाली, "विका, काका. पण आधी अशा हॉस्टेलांत चार रात्री राहून पाहा आणि मग विका." अण्णा ३५ वर्षे बँकेत हिशेब तपासण्याचे काम केलेले गृहस्थ, तपासणी न करता शेरा मारणे त्यांच्या स्वभावात बसत नाही. त्यांनी आम्हांस फोन केला, आणि येणेप्रमाणे आमची स्वारी निघाली.

हॉस्टेलांची मूळ कल्पना, वाचकांस ठाऊक नसेल तर, एका जर्मन शाळामास्तराची. रिचर्ड शिरमान हे १९०९ च्या ऑगस्टात विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीस निघाले असता वादळी पावसात सापडले. एका खेड्यातील शाळेत पेंढ्यावर रात्र काढावी लागली. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांतून हिंडणाऱ्या मुलांसाठी बिछाने का घालू नयेत, हा विचार त्या रात्री त्यांच्या मनात आला. १९१२ साली आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात त्यांनी पहिले कायमचे हॉस्टेल उघडले. तेथील लाकडी तीनमजली खाटा अजून जपून ठेविल्या आहेत. आमच्या मित्राचे म्हणणे असे की यात नवे ते काय. आपल्याकडे धर्मशाळा होत्याच. होत्या खऱ्या; पण धर्मशाळेत आपापल्या शिध्यासह आपापल्या कोपऱ्यात राहावयाचे असे, आणि कोणता कोपरा कोणाचा हे पुष्कळदा जातीवरून ठरे. एका खोलीत आठ अनोळखी माणसे केवळ आली त्या क्रमाने निजतात, हा भाग आपल्या बापजाद्यांस रुचला नसता. आमच्या मित्रासही तो रुचलेला नव्हता, हे आरंभीच सांगितलेले बरे.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारीसह नेणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू झाली आहे. तासाभरात पलीकडे उतरविते. याच धक्क्यावरून अण्णांचे वडील आगबोटीने दाभोळास जात. बोट खाडीबाहेर उभी राही आणि उतारूंना पडावात उतरावे लागे. लाटेबरोबर पडाव वर आला की उडी टाकावयाची. पोर कडेवर असलेल्या बायकाही तशाच उतरत. ही हकीकत अण्णांनी आम्हांस बोटीच्या थंडगार खोलीत बसून चहा घेता घेता सांगितली.

अलिबागेच्या दक्षिणेस पहिला मुक्काम झाला. दारातच हॉस्टेलच्या मुलाने विचारिले, "काका, कुलूप आणलंय ना?" प्रत्येक खाटेखाली सामानासाठी एक लोखंडी पेटी असते, तिला कुलूप ज्याचे त्याने लावावयाचे. अण्णांस हे विलक्षण अपमानास्पद वाटले. पाहुण्याने आपल्याबरोबर कुलूप आणावे! कुरकुरत ते बाजारात गेले आणि एक चांगले पितळी, तीन किल्ल्यांचे कुलूप घेऊन आले. स्वस्तातले घेणे त्यांच्या बँकेतील शिस्तीस मानवले नसते.

खोलीत चार दुमजली बंक, म्हणजे आठ बिछाने. प्रत्येकास एक पडदा, उशापाशी लहान दिवा व फोन लावण्याची जागा. एका बिछान्याचे एका रात्रीस आम्ही सहाशे रुपये दिले. वाचक-भगिनींच्या मनात आलेला प्रश्न आमच्याही मनात आला होता. त्याचे उत्तर असे की, मुलगे व मुली एकाच खोलीत निजतात अशा खोल्या बहुतेक हॉस्टेलांत आहेत, आणि केवळ स्त्रियांसाठी राखलेल्या खोल्याही बऱ्याच ठिकाणी आहेत. ज्या मुलींशी आमचे बोलणे झाले, त्यांतील कित्येक एकट्या प्रवास करीत होत्या. एकटीने लॉजमध्ये खोली घेतली तर दारावर रात्री कोणी थाप मारील याची धास्ती असते; येथे सात माणसे जागी असतात, हेच बरे वाटते, असे एकीने सांगितले. आम्ही यावर पुष्कळ विचार केला. अण्णांनी वहीत लिहिले, 'स्त्रियांची खोली निराळी हवी.' ती वही त्यांनी विरोधाची कारणे टिपण्यास आणली होती. त्या रात्री तीत पहिली सूचना गेली, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे.

पुढला रस्ता खाड्यांचा. रेवसपासून रेडीपर्यंत सलग सागरी मार्ग करण्याची कल्पना अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८० नंतर पुढे आली. रस्ता पुष्कळसा झाला, मोठ्या खाड्यांवरील पूल मागे राहिले. ते आता हाती घेण्यात आले आहेत. तोपर्यंत आगरदांड्याहून दिघीस, बागमांडल्याहून वेशवीस, दाभोळहून धोपाव्यास आणि तवसाळहून जयगडास मोटारीसकट फेरीबोटीने जावयाचे. आम्हांस त्याचे दुःख झाले नाही. खाडी आली की इंजिन बंद करून स्वस्थ उभे राहण्यावाचून दुसरा उपाय नसतो. इतर मंडळीही मोटारींतून उतरतात, मासळीच्या टोपल्या, दुचाक्या, वराडाची जीप सगळे एकत्र होते, आणि पाव तासात अर्ध्या बोटीशी ओळख होते. पूल झाल्यावर वेळ वाचेल. ही ओळख बुडेल.

बागमांडल्याची खाडी उतरून आम्ही वेळासला गेलो. नाना फडणिसांचे हे मूळ गाव. परंतु आज गर्दी होते ती कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते व परत समुद्रात जाते. पिलाचे तोंड ती कधी पाहत नाही. पूर्वी ही अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसे खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने अंडी उचलून कुंपणात पुन्हा पुरण्याचे काम चालविले. सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिले वर येतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहतात आणि निघालेली पिले पाण्याच्या अलीकडे सोडतात. आम्ही गेलो त्या सकाळी अकरा निघाली. तळहाताएवढे ते काळसर जीव लाटेकडे चालू लागले, पहिल्या लाटेने उलथून मागे आले, पुन्हा चालू लागले. दोनशे माणसे दोरीपलीकडे उभी होती आणि कोणी बोलत नव्हते.

हॉस्टेल वेळासला आम्हांस दिसले नाही. तेथे गावकऱ्यांच्या घरीच उतरावयाचे. आम्ही ज्यांच्या पडवीत निजलो त्या वहिनींनी रात्री केळीच्या पानावर आमटीभात, कुळथाचे पिठले आणि सोलकढी वाढली. एकाच पडवीत आमच्याशिवाय कोल्हापूरची सहा कॉलेजातील मुले होती. अण्णांनी वहिनींस विचारिले, "परकी माणसे घरात वावरतात, त्याचे काही वाटत नाही?" त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षी वाटलं होतं. पण घरचे सगळे मुंबईला. बारा महिने माणसाचा आवाज नाही, त्याचं अधिक वाटायचं." अण्णांनी हे वहीत लिहिले नाही.

मुरुडास, दापोलीजवळील मुरुडास, महर्षी कर्व्यांचे बालपण गेले. १८७५ साली ते काही सोबत्यांसह भर पावसात कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्यास परीक्षेसाठी गेले. शंभरावर मैल चालून पोहोचल्यावर, हा मुलगा वयाने फार लहान दिसतो, या कारणास्तव त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. पाठीवर वळकटी घेऊन हिंडणारे कोकणी तरुण काही आजचे नव्हेत, असे आम्ही अण्णांस म्हटले. या गोष्टीची आठवण आम्हांस पुढे गोव्यात पुन्हा होणार होती.

धोपाव्यास उतरून गुहागरला व्याडेश्वराचे दर्शन घेतले. अण्णांचे ते कुलदैवत. तेथून निघाल्यावर त्यांच्या गावचा फाटा लागतो. मोटार तेव्हा तेच चालवीत होते. आम्ही मुद्दाम काही बोललो नाही. त्यांनी वेग कमी केला नाही, मानही वळविली नाही. मात्र पुढे दोन मैलांवर एका टपरीशी थांबून, चहा नको असता, चहा घेतला.

हेदवीची बामणघळ, मालगुंडातील केशवसुतांचे घर, रत्नागिरीतील टिळकांचे जन्मस्थान, विजयदुर्ग, मालवण ही सर्व स्थळे आम्ही पाहिली. परंतु त्यांवर याआधी इतके लिहिले गेले आहे की येथे त्यांची नुसती नावे पुरेत.

तेरेखोल नदी ओलांडून आम्ही उत्तर गोव्यात शिरलो. येथे हॉस्टेलांचा सुकाळ. एकेका गल्लीत तीन-तीन पाट्या. आम्ही ज्या हॉस्टेलात फोनवरून बिछाने राखून ठेविले होते, तेथील टेबलाशी बसलेल्या मुलाने आमची आधारकार्डे पाहिली, जन्मसालापाशी त्याचे बोट थांबले, आणि तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "सॉरी सर, आमच्याकडे पंचेचाळीसपर्यंतच घेतात." नियम खाली बारीक अक्षरांत दिला होता, तो आम्ही वाचला नव्हता. एकास तो लहान दिसला म्हणून परत पाठविले, आम्हांस मोठे म्हणून! दीडशे वर्षांत परीक्षा घेणाऱ्यांच्या वृत्तीत फरक तो एवढाच. अण्णा मात्र हसले नाहीत. रस्त्यावर येऊन ते म्हणाले, "मी त्या पोरांना माझ्या घरात घेऊ नये म्हणून भांडतो आहे, आणि येथे पोरेच मला घेत नाहीत!" काही हॉस्टेले त्याच गावच्या माणसास जागा देत नाहीत, असेही आम्हांस कळले. ज्या गावच्या जमिनीवर घर उभे, त्या गावच्या माणसास तेथे मज्जाव, ही रीत आम्हांस मुळीच पसंत पडली नाही. अण्णांनी वही काढली व उभ्या उभ्या लिहिले: 'वयाची अट नको. गावच्यांना बंदी नको.'

शेजारच्या दुसऱ्या हॉस्टेलात जागा मिळाली. पण तेथील रात्र वाईट गेली, हे लपविण्यात अर्थ नाही. दोन वाजेपर्यंत गच्चीवर वाद्ये वाजत होती. एक तरुण मद्याच्या अंमलात आमच्या खालच्या बंकावर येऊन ओकला. त्याच्या मित्रांनी फरशी पुसली, परंतु वास सकाळपर्यंत राहिला. विकण्याच्या बाजूने अण्णांस हवा तो पुरावा येथे अनायासे सापडला होता, आणि सकाळी त्यांनी तो ठसठशीत अक्षरांत नोंदविला.

कारवारास काळी नदीवरील जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. शेजारच्या नव्या पुलावरून आम्ही पलीकडे गेलो. गोकर्णाचे हॉस्टेल कुडले किनाऱ्यावरच्या टेकडीवर होते. तेथे सर्वांसाठी एक स्वयंपाकघर, आणि मोरीवर पाटी: 'आपले भांडे आपण घासावे.' अण्णांच्या कुटुंबास जाऊन दोन वर्षे झाली. तेव्हापासून ते घरच्या स्वयंपाकघरात पाय ठेवीत नाहीत; सून वाढील ते ओटीवर बसून जेवतात. त्या दिवशी त्यांनी चहाचा कप हातात धरून पाटी दोनदा वाचली, बाह्या सारल्या आणि कप घासला. कानपूरकडील एक मुलगी शेजारी भांडी घासीत होती, तिने त्यांचा कप पाहून म्हटले, "अंकल, अंदर से भी." त्यांनी तो पुन्हा घासला.

संध्याकाळी महाबळेश्वराचे दर्शन घेऊन आलो तो अण्णा हॉस्टेलच्या व्यवस्थापकास गाठून बसले, ते जेवणाची वेळ टळून गेली तरी उठेनात. पावसाळ्यात किती खाटा भरतात? चादरी धुण्यास कोठे जातात? विहिरीचे पाणी वैशाखात पुरते काय? शौचालयाच्या टाकीचा उपसा कितीदा? इंटरनेटवरून जागा राखणाऱ्या कंपन्या दलाली किती घेतात? तो बिचारा तिशीचा मुलगा प्रथम गोंधळला, मग त्याने आपले जमाखर्चाचे पानच उघडून दाखविले. त्यावरून दिसले ते एवढेच की, ख्रिसमस व लागून आलेल्या सुट्या यांवर वर्ष चालते, आषाढ-श्रावण कोरडे जातात, आणि दलाली व धुलाई हे दोन खर्च नवख्याच्या लक्षातच येत नाहीत. अण्णांनी त्याची बेरजेतील एक चूक दुरुस्त केली. रात्री बंकाच्या पडद्याआडून ते आम्हांस म्हणाले, "अरे, पोरीने मला जो कागद दाखविला, त्यात धुलाई धरलेलीच नाही."

परतताना हमरस्त्याने आलो आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तो फाटा पुन्हा लागला. या वेळी मोटार आम्ही चालवीत होतो. अण्णा म्हणाले, "घे आत."

पुतणी आदल्या दिवशीच एस. टी.ने येऊन राहिली होती. तिने खळे सारवून घेतले होते आणि देवापुढे दिवा लाविला होता. गावातील एक म्हाताऱ्या आजी, त्या घराशी काही नाते नसता, वर्षभर रोज सायंकाळी तेथे दिवा लावितात, हे आम्हांस तेव्हाच कळले. अण्णा कोणाशी न बोलता सगळे घर फिरले. बाळंतिणीच्या खोलीत, जेथे त्यांचा जन्म झाला, थोडे थांबले. मग माजघरात येऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत पावले टाकून मोजू लागले.

"येथे तू किती खाटा धरल्या आहेस?"

"आठ, काका. दुमजली चार."

"वरची खाट नको. ही तुळई पाहिलीस? डोके आपटेल. चार घाल, साध्या. आणि ही खोली बायकांची."

"मग हिशेब बसत नाही, काका."

"तुझा हिशेब असाही बसत नाही. धुलाई कोठे आहे त्यात?"

पुतणी काही बोलली नाही. काका आत आले तेव्हा तिच्या हातात खरेदीखताचा मसुदा होता. तो तिने दुमडून फडताळात ठेवला. देवघर कुलूपबंद राहील, स्वयंपाकघरात मद्यमांस येणार नाही, रात्री दहानंतर वाद्य नाही, आणि आजींना रोज दिव्यासाठी मोकळीक, अशा अण्णांच्या अटी एकामागून एक बाहेर पडल्या. पुतणीने मद्याची मान्य केली. मांसाविषयी मात्र, मागील पडवीत निराळी चूल असावी, असे स्पष्ट म्हणाली. त्यावर दोघांचे वाजले, आणि तो वाद आम्ही निघेतोपर्यंत मिटला नव्हता. शिवाय अकरांपैकी दोन हिस्सेदारांस रोख पैसे हवे आहेत. ते कोठून द्यावयाचे हाही प्रश्न आहेच. अण्णा आपल्या ठेवीतील काही मोडावयाच्या विचारात आहेत; घरी मुलास अद्याप सांगितलेले नाही.

त्या रात्री आम्ही उभयता ओटीवर निजलो. सकाळी निघताना अण्णांनी मोटारीतून अलिबागेस घेतलेले ते पितळी कुलूप काढले आणि माळ्याच्या दारास, जुने गंजलेले काढून, ते लाविले. तीन किल्ल्यांपैकी एक स्वतःच्या खिशात टाकली, एक पुतणीस दिली आणि तिसरी दिवा लावणाऱ्या आजींकडे नेऊन देण्यास तिला सांगितले.